टोपी आकसते, डोकं नाही

रविवारी दुकान बंद असलं तरी वरच्या कामाच्या खोलीत किटली तापत होती. चहाची नव्हे; लांब, अरुंद तोंडाची, जिच्या वाफेवर टोप्या मऊ करायच्या ती. कुणीतरी सवयीनं बटण दाबलं होतं आणि ते बंद करायचं कुणालाच सुचत नव्हतं. लांब टेबलाभोवती घरचे पाच जण बसले होते. खाली चांगला सोफा होता, पण या घरातलं प्रत्येक महत्त्वाचं भांडण आजोबांच्या काळापासून याच टेबलावर झालेलं. सोफ्यावर फार तर रुसून बसता येतं.

दादा मधोमध बसला होता, म्हणजे बसवला होता. हल्ली त्याच्याशी बोलताना सगळे त्याच्या डोळ्यांत न बघता जरा बाजूला, डाव्या कानाच्या मागे बघत. तिथले केस भादरले होते, त्यावर पट्टी होती आणि पट्टीखाली ती. आजवर घरात तिला कुणी गाठ म्हणत नसे. ‘ती’ म्हणत, नको असलेली पाहुणी घरात आहे आणि तिच्या कानावर जाऊ नये, अशा आवाजात.

“उद्या सकाळी,” मामा म्हणाला. “मी शब्द टाकलाय. एवढे मोठे सर्जन, पण माझ्यासाठी पहिली वेळ राखून ठेवलीय. उघडायचं, काढायचं, शिवायचं. पुढच्या रविवारी हा घरी.”

मामा आईचा धाकटा भाऊ. त्या सर्जनच्या दवाखान्यात उभी हयात कंपाउंडर म्हणून काढली आणि निम्मा डॉक्टर होऊन निवृत्त झाला. उरलेल्या निम्म्याची उणीव त्याला कधी जाणवली नव्हती.

“मामा, ते तसं म्हणाले तेव्हा गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट कुठे आला होता?” वहिनीनं विचारलं.

दादाची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. घरात मात्र ते शिकवायचं नाही असा पण तिनं लग्न झाल्यापासून पाळला होता. आज तिच्यापुढे फायलींची चळत होती आणि पण मोडणार हे तिच्या चष्मा पुसण्यावरूनच कळत होतं.

“तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं, मेंदूवरच्या आवरणाची गाठ असेल. तशी असती तर मीच म्हटलं असतं, काढून टाका. पण हा लिम्फोमा निघाला.”

“शेवटी गाठच ना?”

“गाठच. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशींची. त्या आपल्या राखणदार असतात, त्याच बिथरल्यात. हा आजार बहुतेकांना मानेत, काखेत होतो. कवटीच्या हाडातच सुरू झालेला अगदी क्वचित सापडतो. या कॅन्सरच्या डॉक्टरबाईंनी एवढ्या वर्षांत असा दुसराच पाहिलाय.”

“मग तिला तरी त्यातलं काय कळणार?” आई म्हणाली.

आई टेबलाच्या टोकाला, तिच्या नेहमीच्या उंच स्टुलावर होती. बाबा गेल्यापासून दुकान तिचं, आणि शेवटचा शब्दही तिचाच. ती एका अर्धवट टोपीची कड बोटांनी दाबत होती. रिकाम्या हातानं बसलेली तिला कुणी पाहिली नव्हती.

“आई, त्यांना आजार कळलाय. क्वचित होतो, पण उपाय ठाऊक आहे. बाकी शरीरात कुठेच नाही हे तपासून झालंय. शिरेतून औषधं द्यायची, थांबून थांबून, काही महिने. मग त्या जागेवर किरणं. बरं व्हायची आशा चांगली आहे म्हणाल्या.”

“आशा!” आईनं टोपी खाली ठेवली. “वाईट आहे ते काढून टाकायचं. पायात काटा गेला तर आपण शिरेतून औषध देतो का? सर्जन म्हणतोय काढतो, ती म्हणतेय बघू. काढतो म्हणणाऱ्याकडे जायचं.”

“ताईचं बरोबर आहे,” मामा म्हणाला. ताईचं चूक आहे असं त्यानं जन्मात म्हटलं नव्हतं.

सगळे दादाकडे बघायला लागले. या वेळी डोळ्यांत.

दादाला हसू आलं. “उभा जन्म लोकांना टोप्या घातल्या. आता माझ्यावरच पाळी आलीय.”

कुणी हसलं नाही. खाली गिऱ्हाइकांसमोर हा विनोद त्यानं हजारदा केला असेल आणि दर वेळी हशा मिळवला होता. त्याला वाईट वाटलं, विनोद वाया गेल्याचं जास्त.

खरं सांगायचं तर त्याला कुणीतरी एकानं काय ते सांगून टाकायला हवं होतं. आजवर ते काम आईनं केलं होतं. शाळा सोडून दुकानात बस, बसला. कापडी टोप्या ठेवायच्या नाहीत, ठेवल्या नाहीत. आईचा शब्द खाली पडू न देणं हा त्याचा चांगुलपणा होता आणि पळवाटही होती, हे त्याच्या बायकोनं त्याला एकदा फार प्रेमानं सांगितलं होतं. उद्या आईनं सांगितलं म्हणून डोकं उघडून घेतलं, तर निदान आपण निवडलं असं होणार नाही. चुकलंच तर आईचं चुकेल. हा विचार आला तशी त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“तू काय म्हणतोस?” बायकोनं विचारलं. चारचौघांत ती त्याला ‘अहो’च म्हणायची. आज तिला त्याचं भान नव्हतं.

“आई म्हणतेय तर—”

“आई म्हणतेय ते ऐकलं मी. तुला विचारतेय.”

तो पुन्हा आईकडे बघायला लागला. वहिनीनं फाइल उघडली आणि शाळेत वर्ग ऐकत नसला की ती जशी हजेरी घ्यायला लागे, तशा कोरड्या आवाजात म्हणाली, “बरं. दोघांपैकी कुणाकडेही गेलो तरी हे विचारणारच. ही कधीपासून आहे? बाईंनी तीनदा विचारलंय.”

“दोन महिने,” दादा म्हणाला. “न्हाव्यानं विचारलं ना, इथे काय लागलंय म्हणून, तेव्हापासून.”

“ते न्हाव्याला कळलं तेव्हापासून. असायला कधीपासून आहे?”

“दुखत नव्हती. मला काय कळणार?”

“दोनच महिने,” आई म्हणाली. “लिही. दोन.”

धाकटीनं मान वर केली. आई कुठलंही माप इतक्या घाईनं सांगत नसे.

धाकटी म्हणजे दादाची बहीण. दादा खाली टोप्या विकायचा, ती वर आईच्या हाताखाली बनवायची. लग्नाचं विचारलं की म्हणायची, “मला माझ्या मापाचं डोकं सापडू दे.” दोन्ही बाजूंना तिच्याबद्दल खात्री होती. आईला वाटे, पोरगी माझ्याच हाताखाली वाढलीय. वहिनीला वाटे, रात्री चहा पिताना माझ्याशीच बोलते. म्हणून ती आतापर्यंत तोंडातून अक्षर काढत नव्हती.

किटली फुरफुरायला लागली. ती बंद करायला धाकटी उठली आणि भिंतीवरच्या फळीसमोर उभी राहिली.

फळीवर घरच्यांची डोकी होती. लाकडी ठोकळे. हा या घराचा शिरस्ता: पोर वयात आलं, किंवा सून-जावई घरात आले, की त्यांचं डोकं मोजून तंतोतंत तसा ठोकळा कोरायचा. त्यावर त्यांची टोपी बनायची, आणि माणूस गेलं तरी ठोकळा फळीवर राहायचा. वहिनी म्हणायची, “सासरी आल्या आल्या माझं डोकं मोजलं आणि मग निवांत खायला घेतलं.” आजोबांचा लंबगोल, बाबांचा कपाळाशी रुंद, मग आईचा, दादाचा. सगळे खोलीकडे तोंड करून. दादाचा तेवढा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

धाकटीला आठवलं, दादाची करडी टोपी मध्यंतरी आईनं स्वतःच ताणायला घेतली होती. एकदा नाही, काही वेळा. धाकटी म्हणाली होती, “दे इकडे, मी करते.” आईनं दिली नव्हती.

त्यात तेव्हा नवल वाटलं नव्हतं. टोपी घट्ट झाली म्हणून परत येणारं गिऱ्हाईक रोजचंच. टोपीचं फेल्ट म्हणजे कुटून, वाफवून घट्ट केलेली लोकर. पाऊस लागला, ऊन लागलं की आवळतं. पण गिऱ्हाइकाला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलं. त्याला धीर द्यायला आजोबांनी एक वाक्य ठरवलं होतं, ते बाबांनी चालवलं, मग आईनं: टोपी आकसते, डोकं नाही. असं म्हणायचं, टोपी वाफेवर धरायची, ठोकळ्यावर ताणायची, द्यायची. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. तीन पिढ्यांत हे वाक्य कधी खोटं ठरलं नव्हतं.

धाकटीनं दादाचा ठोकळा फिरवला. मग उचलून टेबलावर आणून ठेवला.

डाव्या कानाच्या मागे, लाकडावर, चामड्याचा एक तुकडा बारीक खिळ्यांनी बसवलेला होता. त्यावर जरा मोठा दुसरा. त्यावर तिसरा. कडा तासून इतक्या सफाईनं उतरवल्या होत्या की हात फिरवला तर सांधा लागू नये. ते काम घरात एकाच माणसाला जमत असे.

वहिनीनं आधी ठोकळ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पट्टीकडे. जागा तीच होती.

“आई,” धाकटी म्हणाली, “हे कधी केलंस?”

मामा पुढे झुकला. “काय आहे ते? पाचर?”

“तू गप्प बस रे,” आई म्हणाली. तिचे हात टेबलावर होते आणि त्यांत काहीच नव्हतं.

आईला वाटलं होतं, हे विचारलं जाईल तेव्हा आपण रागावू. राग वेळेवर कधी दगा देत नाही, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव. पण आज तो आला नाही. समोर पोराचं लाकडी डोकं होतं, त्यावर तिनंच बसवलेलं टेंगूळ, आणि त्याच्या पलीकडे पोराचं खरं डोकं.

“थंडीत आला,” ती म्हणाली. “म्हणाला, टोपी कानामागे चावते. मी म्हटलं, आकसली. खरंच तसं वाटलं मला. ठोकळ्याला त्या जागी एक तुकडा लावला, तिथे सैल व्हावी म्हणून, आणि ताणून दिली. मग काही दिवसांनी परत आला. तेव्हा मी आतून बोट फिरवलं.” तिनं बोट टेबलावर गोल फिरवलं आणि एका जागी थांबवलं. “आकसलेली टोपी सगळीकडून आकसते. एकाच जागी कशी आकसेल?”

“म्हणजे तुला कळलं होतं,” धाकटी म्हणाली.

“हाताला कळलं. मी हाताला गप्प बसवलं.” तिनं टेबलावरचं बोट मिटून घेतलं. “म्हटलं, शिवण दुमडली असेल. म्हटलं, झोपताना टोपी दबली असेल. काय काय म्हटलं. आणि दुसरा तुकडा लावला. तिसऱ्या वेळी तर काही म्हटलंच नाही. नुसतं काम केलं.”

“आणि काय काम केलंस!” दादा म्हणाला. सगळे दचकले. तो ठोकळ्यावरून बोट फिरवत होता. “तिसऱ्या वेळी इतकी मस्त बसली टोपी की मी विसरूनच गेलो. बायकोला म्हटलंसुद्धा, आईच्या हातात अजून जादू आहे.”

आईला रडू फुटलं. बाबा गेले तेव्हाही ती सगळ्यांसमोर रडली नव्हती, त्यामुळे काय करावं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मामानं खिशातून रुमाल काढला, तो फार स्वच्छ नाही असं पाहून परत ठेवला.

वहिनी उभी राहिली होती. तिच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं, आजचं आणि वीस वर्षांचं, आणि आज ते सगळं बोलायचा हक्क तिला होता. धाकटीला दिसत होतं. दादालाही.

“मी याच्या शेजारी झोपते,” वहिनी म्हणाली. “डोक्याला तेल लावताना माझ्या हाताला लागली होती ती. म्हटलं, कुठेतरी आपटलं असेल. विज्ञान शिकवते मी.” ती खाली बसली. “दोषाची वाटणी मागाहून करू, आई. सगळ्यांना पुरेल एवढा आहे. आधी उद्याचं बोला.”

“उद्याचं तेच,” आई पदरानं नाक पुसत म्हणाली. “म्हणून तर म्हणतेय, कापा. मला ती बाहेर आलेली बघायचीय. भांड्यात पडलेली. ती आत आहे तोवर मला झोप नाही यायची.”

वहिनी मामाकडे वळली. “मामा, एक विचारू? तुमच्या सर्जनना हा नवा रिपोर्ट दाखवलात?”

मामानं कपातला गार चहा निरखला.

“मामा?”

“ताई नको म्हणाली.”

“का?”

“दाखवला असता तर ते नाही म्हणाले असते,” मामा म्हणाला, आणि मग एकदम मोकळा होऊन, “म्हणजे तसंच करतात ते. अशी गाठ निघाली की म्हणतात, आमचं काम तुकडा काढून देण्याचं, पुढचं औषधवाल्यांचं. इतकी वर्षं मीच अशा पेशंटना तिकडे पाठवलंय. पण ताई, तुझ्यापुढे कोण बोलणार?”

“आजवर बोलला नाहीस, आज बरा बोललास,” आई म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता, आणि मामाला तिनं डोळे वटारले नाहीत.

वहिनीनं फाइलीतून स्कॅनची काळी फिल्म काढली आणि खिडकीच्या काचेला लावून धरली. “आई, इकडे या. चष्मा लावून या.”

आई उठली. उजेडात दादाचं डोकं दिसत होतं, कलिंगडासारखं मधोमध कापलेलं. आईनं क्षणभर डोळे मिटले आणि उघडले.

“ही कातडीखालची. हाताला लागते ती. आणि ही बघा, हाडाच्या आत, मेंदूच्या बाजूला. तेवढीच.”

“मध्ये काय आहे?”

“हाड.”

“भोक कुठाय?”

“भोक नाही.”

आईनं बोट फिल्मच्या अगदी जवळ नेलं, लावलं नाही. “भोक नाही, तर ही इकडून तिकडे गेली कशी?”

“हाडातच सुरू झाली आणि हाडातूनच दोन्हीकडे झिरपली. हाड उभं आहे, पण आतून तेच आहे सगळं. म्हणून बाई म्हणाल्या, वरची काढून भागत नाही, आणि तेवढं हाड काढलं तरी कडेला काय उरलं ते डोळ्यांना दिसत नाही. औषध मात्र तिथपर्यंत पोचतं.”

आई बराच वेळ बघत राहिली. मग टेबलाकडे आली आणि मघाची अर्धवट टोपी उचलली. उलटी केली, सुलटी केली.

“तेल सांडलं फेल्टवर, तर वरून खरवडायचं नाही,” ती म्हणाली. हे ती कुणाला शिकवत नव्हती. “आरपार जातं ते. तेवढा भाग कापला तर भोक पडतं आणि डाग कडेला राहतो तो राहतोच. वाफ द्यायची, धुवायचं, परत वाफ द्यायची. टोपीचा जीव जायची वेळ येते.” तिनं सुनेकडे पाहिलं. “याचाही येईल ना? जीव मेटाकुटीला?”

“येईल,” वहिनी म्हणाली. “उलट्या होतील, ताप येईल, केस जातील. आणि एवढं करून नक्की बरा होईल असं बाईंनी लिहून दिलेलं नाही. मी खोटं सांगणार नाही.”

“मग मी काय सांगू?” आईनं विचारलं. हा प्रश्न या टेबलावर तिनं याआधी कुणाला विचारला नव्हता.

“तू सांगूच नकोस,” दादा म्हणाला. मग बायकोकडे वळून, “आणि तूही नको.”

त्याला भीती वाटत होती. पट्टीखाली काहीतरी ठणकत होतं, किंवा ठणकतंय असं वाटत होतं. पण आई रडली होती, मामा बोलला होता, आणि आता मागे लपायला कुणी उरलं नव्हतं. त्याला आश्चर्य वाटलं की हे इतकंही वाईट नाही.

“औषध घेतो,” तो म्हणाला. “उद्या सकाळी जातो भरती व्हायला. मामा, तुम्ही तुमच्या साहेबांना सांगा, भाचा घाबरट आहे, पळाला.”

“सांगतो,” मामा म्हणाला. “अगदी तसंच सांगतो.”

“आणि आई, हे तुकडे उपटायचे नाहीत आत्ता. गाठ उतरेल तशी टोपी सैल होईल. तेव्हा एकेक काढायचा. तूच. पण टोपी बघून नाही.” त्यानं पट्टीच्या कडेला हात नेला. “हे बघून.”

आई जागची हलली नाही. टोपीच्या आडून तिनं ती जागा कितीदा तरी चाचपली होती. उघड्या हातानं एकदाही नाही. वहिनी उठली, नवऱ्याच्या मागे गेली, चिकटपट्टी हळूच सोडवून टाक्यांच्या बाजूची जागा मोकळी केली आणि सरकून आईला वाट दिली.

आईनं हात आधी पदराला पुसले. मग बोटं टेकवली. गाठ गरम नव्हती, टणकही नव्हती. लहानपणी त्याच्या टाळूवर हात ठेवला की मऊ लागायचं, तिला ते आठवलं. तिनं डोळे मिटून माप घेतलं. चामड्याचा तिसरा तुकडा जरा पातळ पडला होता.

“दुखतं का?”

“नाही,” दादा म्हणाला. “पण हात काढू नकोस लगेच.”

धाकटीनं किटली बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बोडक्या डोक्यानं गेला. करडी टोपी त्यानं स्वतः वर जाऊन ठोकळ्यावर चढवली, तोंड खोलीकडे करून. वहिनी बॅग घेऊन बरोबर गेली, आणि मामा, नको नको म्हणत असताना, पाण्याच्या बाटल्या घेऊन. दुकान उघडं ठेवायचं असं दादानंच बजावलं होतं. तेव्हा आई खाली गल्ल्यावर बसली, कित्येक वर्षांनी.

पहिलं गिऱ्हाईक कोपऱ्यावरचा बेकरीवाला. पिठाचे हात झटकत आत आला आणि डोक्यावरची तपकिरी टोपी काढून काउंटरवर ठेवली.

“घट्ट होतेय हो हल्ली. परवाच्या पावसात भिजली होती, तेच. ताणून द्या.”

आईनं टोपी हातात घेतली. आतून बोट फिरवलं, पूर्ण. सगळीकडून सारखीच आवळली होती. तरी तिनं टोपी बाजूला ठेवली आणि काउंटरच्या बाहेर आली.

“बसा त्या खुर्चीवर.”

“का? टोपी आकसते, डोकं नाही. तुम्हीच सांगता ना?”

“सांगत होते,” आई म्हणाली. तिनं त्याच्या केसांत बोटं घातली आणि डाव्या कानामागून सुरुवात केली.